पाळीवर बंद पडणारी फटफटी

१९७८ च्या दसऱ्यानंतरच्या पाच आठवड्यांत श्यामरावांची मोटारसायकल करडीजवळच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच्या रस्त्यावर, गिरजाबाईच्या झोपडीसमोर, अकरा वेळा बंद पडली. अकराही वेळा ती स्वतः श्यामराव चालवीत होते. त्याच काळात, त्याच रस्त्याने, तीच गाडी मी सात वेळा नेली. ती एकदाही बंद पडली नाही.

मी तेथील शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. श्यामराव हे धानाचे व्यापारी आणि माझे घरमालक. गिरजाबाई सत्तरीची होती आणि पाळीवर एकटीच राहत असे. दोन वर्षांपूर्वी तिची सून त्याच तलावात बुडाली होती. त्यानंतर मुलगा नाकाडोंगरीकडे खाणीवर गेला, तो परतला नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी ती सोने द्यायला श्यामरावांच्या दारी आली, तेव्हा घरच्यांनी तिला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठविले. गाडी पहिल्यांदा बंद पडली ती दुसऱ्या दिवशी. गावाने या दोन घटना एकमेकींना जोडल्या, आणि जोड इतकी घट्ट बसली की बुधवारी गावचे पंच सेवकराम यांनी देवळाच्या ओट्यावर जाहीर केले: शनिवारी सकाळी बैठक बसेल, बुढीची झोपडी मोडण्यात येईल आणि तिने गाव सोडावे.

"बंद पडण्याला काही कारण असेल," मी म्हणालो.

"मंग सांगा ना, मास्तर. तुमी सायन्सवाले," सेवकराम म्हणाले. "श्यामरावले अडवते, तुमाले काहून नाही अडवत?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही मनता, न् करणी नाही हेबी मनता!" ओट्यावरचे सगळे हसले. "तुमी देवाले मोजत नाही, म्हून बुढी तुमाले मोजत नाही. दुसरं काय?"

हे उत्तर चुकीचे होते, परंतु उपलब्ध निरीक्षणांशी ते पूर्णपणे जुळत होते. माझ्याजवळ तेवढेही उत्तर नव्हते, आणि मुदत शनिवारपर्यंतची होती.

त्याच सायंकाळी मी श्यामरावांच्या मागे बसून निघालो. सूर्य नुकताच मावळला होता. डावीकडे तलाव, उजवीकडे कापणीला आलेले धान, आणि पाण्यावरून सरकत आलेले धुके पाळीच्या अर्ध्या उंचीपर्यंत चढलेले. वळणावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. त्याला पाळीवरचा देव म्हणतात. त्याच्या समोर वीस पावलांवर गिरजाबाईचे दार. श्यामरावांनी बोलणे थांबविले. गाडीचा वेग उतरला. हॉर्न वाजला, पण त्याचा आवाज मधेच खचला आणि एखाद्या गळा दाबलेल्या जनावरासारखा खाली खाली गेला. समोरचा दिवा पिवळा झाला, तांबडा झाला, विझला. इंजिन थांबले.

मग आमच्या पाठीमागून, अगदी जवळून, बांगडीवर बांगडी लागावी तसा बारीक आवाज येऊ लागला. तापलेला सायलेन्सर थंड होताना आकसतो आणि टिकटिकतो, हे मी मुलांना शिकवीत असे. तो सायलेन्सरच होता. तरीही मान वळवून पाहायला मला काही क्षण लागले, हे येथे नमूद केले पाहिजे.

गिरजाबाई दारात उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले, मग आमच्या मागच्या रिकाम्या पाळीकडे पाहिले.

"आज दोघंच का जी? झोपडी मोडाले बाकीचे कवा येतात?" तिने विचारले.

श्यामरावांनी गाडी स्टँडवर चढविली, दगडापुढे जाऊन माथा टेकला, परत येऊन किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

"पाहिलं, मास्तर?" ते पुटपुटले. "पाया पडलो तवा सोडलंन."

गुरुवारी पहाटे मी एकटा पाळीवरून तीन वेळा गेलो आणि तीन वेळा आलो. काही घडले नाही. शाळा सुटल्यावर प्लग काढून पाहिला, पॉइंट पाहिले, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. बॅटरीचे झाकण काढले. दोन्ही वायरी जागेवर दिसत होत्या. हॉर्न वाजतो, दिवा लागतो, म्हणून बॅटरी निर्दोष, असे मी वहीत लिहिले. एखादी गोष्ट एरवी चालते एवढ्यावरून ती नेहमी चालेल असे ठरत नाही, हे विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी लाल शाईने लिहीत असे.

शुक्रवारी दुपारी मी झोपडीकडे गेलो. गिरजाबाई सुपात धान पाखडत होती. घरातले सामान तिने आधीच एका लुगड्यात बांधून ठेवले होते.

"बसा मास्तर. बाज बांधली नाही आजून, तेवढीच राहिली."

"गाडी बंद पडते तेव्हा तुम्ही येथेच असता का?"

"मी कुठी जाऊ? तुमच्या फटफट्या माया दारात मरतात, न् पाप मले लागते." तिने फोल फुंकून उडविले. "मी मेल्यावर बंद पडली, तं कोणाले हाकलान?"

मी विचारले, श्यामराव जातात आणि मी जातो, यांत तिला काही फरक दिसतो का.

"दिसते ना. तुमी भुताच्या भेवानं पळल्यासारखे सर्रकन जाता."

"मी घाबरत नाही."

"नसान भेत. पण देवापाशी कोणी तसा जात नाही. बाकी सारे येतात, हळू होतात, पोंगा वाजवतात, मंग जातात. पोंगा म्हंजे देवाले रामराम. तुमी कदी वाजवला का?"

मी कधी वाजविला नव्हता. दगडाला हॉर्न वाजवून नमस्कार करणे मला हास्यास्पद वाटे, म्हणून मी ते कटाक्षाने टाळीत असे. माझ्या सगळ्याच फेऱ्यांत मी एक अट नकळत बदलून टाकली होती आणि तिची नोंद केली नव्हती.

मी गाडी आणली, वळणावर वेग कमी केला आणि हॉर्न दाबला. आवाज खचला. इंजिन थांबले. धुके नव्हते, भर दुपार होती, तरी मी आधी मागे वळून पाहिले.

"आता तुमाले बी मोजलं मी," गिरजाबाई म्हणाली, आणि प्रथमच हसली.

त्याच संध्याकाळी, दगड नाही, झोपडी नाही, पाणीही नाही अशा जागी, शाळेच्या मैदानावर, मी तोच प्रयोग दहा वेळा केला. गाडी सहा वेळा बंद पडली. बॅटरीचे झाकण पुन्हा काढले आणि या वेळी नुसते न पाहता वायरी हातांनी हलविल्या. बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थची (अर्थिंगची) वायर जेथे बसविली होती तो बोल्ट माझ्या दोन बोटांनी फिरला. त्याच्याखाली पांढरी पूड साठली होती.

शनिवारी बैठकीत मी गाडी देवळासमोर उभी केली, मंद गतीवर चालू ठेवली आणि सेवकरामांना हॉर्न दाबायला सांगितले. त्यांनी हात मागे घेतला.

"दाबा ना जी," मागून कोणीतरी म्हणाले. "येथं तं बुढीचं घर नाही."

त्यांनी दाबला. गाडी बंद पडली. सायलेन्सर टिकटिकू लागला. मी बोल्ट उघडून पूड खरवडली, पान्याने तो आवळला, गाडी चालू केली, आणि सेवकरामांनी लागोपाठ पंधरा वेळा हॉर्न दाबला. गाडी चालतच राहिली.

"हा बोल्ट कोणी बसवला होता?" मी श्यामरावांना विचारले.

"मीच, जी. बॅटरी चार्जिंगले देली होती, दसऱ्याले वापस आणली. पाने सारे पूजेत मांडले होते, हळदकुंकू लावून. त्या दिवशी अवजाराले हात कसा लावाचा? बोटानंच आवळला. मंग राहून गेलं."

"बुढी राहीन जेथं हाय तेथं," सेवकराम म्हणाले. माझ्या आग्रहावरून कारण बैठकीच्या वहीत लिहून घेण्यात आले. ते असे:

बॅटरीचा अर्थचा बोल्ट दसऱ्याच्या दिवशी पान्याऐवजी बोटांनी आवळला गेल्यामुळे ढिला राहिला आणि त्याखाली पूड साठली. गाडी वेगात असता डायनॅमो ठिणगीला वीज पुरवितो, त्यामुळे दोष लपतो. वेग कमी होताच ठिणगी केवळ बॅटरीवर अवलंबून राहते. अशा वेळी हॉर्न दाबला की तो वीज ओढतो, ढिल्या जोडातून दोघांना पुरेल एवढी वीज येत नाही, आणि इंजिन थांबते. गाडी स्टँडवर चढविताना धक्का बसून जोड पुन्हा टेकतो, म्हणून ती सुरू होते. एरवी हॉर्न वाजविताना कोणी वेग कमी करीत नाही. पाळीवरच्या देवासमोर सर्वजण वेग कमी करून हॉर्न वाजवितात, म्हणून गाडी तेथेच बंद पडत होती.