उजवी नस उघडी

“उजवी नस उघडी आहे,” मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता सर म्हणाले. “आणि तू कापलीस डावी कड.”

बेडूकमाशाच्या नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या वासाच्या नसेला ग्लिया नावाच्या आधारपेशी गुंडाळून घेतात. त्या नाकात जन्मत नाहीत, भ्रूणाच्या पाठीवरच्या कडेतून चालत येतात, एवढंच माझं म्हणणं. सर जन्मभर उलटं शिकवत आलेले. म्हणून मी भ्रूणांची डावी कड काढली होती. माझं खरं असेल तर पेशी न पोहोचल्यानं डावी नस उघडी पडायला हवी. त्यातला हा एकच जगला, आणि हा पठ्ठ्या उजवीकडे उघडा!

“विषय बंद करू या,” सर म्हणाले. आवाजात हळहळ कमी, समाधानच जास्त. मला असा राग आला त्यांचा!

“सर, चूक माझी आहे,” मागून वहिनी म्हणाली. माझ्या दादाची बायको. मेणात बसवलेल्या डोक्यांचे पातळ काप इथे तीच काढते. “कापांची पट्टी चकचकीत बाजू खाली करून पाण्यावर सोडायची असते. या डोक्याच्या सगळ्या पट्ट्या माझ्याकडून उलट्या पडल्या. डाव्याचं उजवं झालं.”

सरांचा चेहरा उतरला. “म्हणजे हिचंच बरोबर. पण बाई, मग तुमचं कंत्राट मी पुढे कसं चालू ठेवू?”

वहिनी खाली बघत काचा पुसत राहिली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरात उशीचा अभ्रासुद्धा कधी उलटा न घालणारी ही बाई, आणि सगळ्या पट्ट्या उलट्या?

तपासणं सोपं होतं. या बेडूकमाशाला कल्ल्यांतलं पाणी सोडायला एकच भोक असतं, डाव्या अंगाला. डोक्याच्या मागच्या बाजूच्या कापांत ते उजवीकडे दिसलं, तर पट्टी उलटी. मी काचांच्या पेटीकडे हात नेला, तर वहिनीनं पेटीवर हात ठेवला.

“राहू दे गं,” ती हळूच म्हणाली.

तेव्हाच मला कळलं, ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. तरी मी शेवटची काच ओढून काढली आणि मायक्रोस्कोपखाली लावली. भोक डावीकडेच होतं.

“सर, बघा. पट्टी सरळ आहे. भलतीच कड मीच कापली असणार.”

सरांनी बराच वेळ पाहिलं. “असणार? सिद्ध करता येईल?”

“नाही.”

“मग विषय बंद. बाई, तुमचं काम चालू राहील.”

बाहेर जिन्यात वहिनीनं माझा दंड धरला. डोळ्यांत पाणी, आणि संतापलेली. “अक्कल गहाण टाकलीस का गं? काप काय, मी कुठेही काढले असते. तुला हा विषय आता कोण देणार?”

“कुणीच नाही,” मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.