मागची गल्ली

मित्रांनो, मी तुमच्या वस्तीचा नकाशा आहे, पण मला भिंतीवर शोधू नका. मी वस्तीच्या कार्यालयातल्या संगणकात राहतो आणि तुमच्या मोबाइलमध्ये दिसतो. वय फार नाही माझं, पण संगणकाच्या दुनियेत एवढ्यातच म्हातारपण येतं.

मला वस्तीतल्याच माणसांनी घडवलं. त्यांत पुढे होत्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना नकाशाताई म्हणत. त्या मोबाइल घेऊन गल्लीबोळ पालथे घालायच्या आणि नळ, शाळा, औषधांचं दुकान, एकेका जागी माझ्या अंगावर ठिपका ठेवायच्या. रस्ता बंद असला की लाल फुली. माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! रुग्णवाहिकेचे चालकसुद्धा मला बघूनच वस्तीत शिरू लागले. मी नुसता फुगून गेलो होतो.

पुढे नकाशाताई लेकीकडे राहायला गेल्या आणि मी कार्यालयातल्या कारकुनाच्या गळ्यात पडलो. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यामागे शंभर कामं.

एकदा वस्तीतल्या शिंपीकाकांचा त्याला फोन आला. "साहेब, मागच्या गल्लीत नाल्यावरचा पूल खचलाय. गाडी जायची नाही. तेवढं नकाशात टाका."

"टाकतो, काका," म्हणत त्यानं कार्यालयाच्या मागच्या गल्लीवर फुली मारली आणि मोकळा झाला.

आता गंमत बघा. इथे जो तो आपल्या पाठीमागच्या गल्लीला मागची गल्ली म्हणतो. शिंपीकाकांची मागची गल्ली वेगळी, कारकुनाची वेगळी. धडधाकट गल्लीवर फुली बसली आणि खचलेली गल्ली मोकळी दिसत राहिली. गाड्या पुलापाशी येऊन माघारी फिरताना मला दिसायच्या. माझा जीव नुसता तळमळायचा. पण मला तोंड कुठे आहे?

एका दुपारी शिंपीकाकांच्या आईला धाप लागली. रुग्णवाहिका आली ती माझ्यावर भरवसा ठेवून त्याच गल्लीत वळली. "नकाशात तर रस्ता मोकळा दिसतोय!" चालक पुलाअलीकडून ओरडला. मागे टेम्पो अडकलेला. गाडी बाहेर काढून दुसऱ्या वाटेनं आणेपर्यंत आजी गेल्या होत्या.

काही दिवसांनी काका कार्यालयात आले. "साहेब, मी मागची गल्ली सांगितली होती."

"अहो काका, मी मागचीच टाकली." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

काकांनी बघितलं. मग आपलं बोट दुसऱ्या गल्लीवर ठेवलं. कारकुनाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं फुली उचलून तिथे ठेवली. क्षणाचंच काम ते.

"एवढंच होतं?" काकांनी विचारलं.

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. तुम्ही सांगाल तेवढंच मला दाखवता येतं, आणि चुकीचं सांगितलंत तर तेही मी इमानेइतबारे दाखवतो. म्हणून मला अधूनमधून बघत जा. मागची म्हणाल तेव्हा कुणाच्या मागची, तेही सांगा. आत्ताही माझ्या अंगावर एका दवाखान्याचा ठिपका आहे. तो दवाखाना कधीच उठून गेलाय. माणसं तिथे जातात, बंद दारापाशी थांबतात आणि परत फिरतात. ते बंद दार तुमच्यापैकी कुणाच्या तरी शेजारीच आहे. सांगा ना कुणीतरी.