स्क्रीन न फिरणारा कॅमेरा

आधी मोबाईल.

मोबाईल याडीच्या समोर धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं. याडी म्हणजे माझी आई, जमनी. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, कानाला लावला आणि म्हणाली, "हॅलो, कोण बोलते?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला. पुन्हा कानाला. या वेळी पलीकडे कोणीतरी होतं बहुतेक, कारण तिनं शेळीची चौकशी केली, विहिरीच्या पाण्याची केली, मग विचारलं, "संगीता कशी आहे?"

संगीता मी. समोर बसले होते.

म्हणून कॅमेरा.

*

काय घ्यायचं होतं, ते.

आमच्या बंजारा तांड्यावरून मुलगी सासरी निघाली की बायका तिच्या गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. तो ढावलो. नुसतं रडणं नाही, त्यात शब्द असतात, लांबलचक. बाकीच्या बायकांना दोन ओळी येतात, पुढं हुंदके. याडीला सगळा येतो. तांड्यावरची प्रत्येक पोर याडीच्या गळ्यातून सुटून गेली.

येतो. येत होता. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, आता एकेक गोष्ट जाईल. नावं आधी, गाणी शेवटी. शेवटी म्हणजे कधी, ते त्यांना सांगता आलं नाही. परतीच्या गाडीत मी याडीला खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरला पास दाखवला. मीही कंडक्टर, उमरखेड डेपोला. घरी येऊन जेवले. झोप लागली.

रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. वाट पाहिली, मग विसरले.

माझं लग्न झालेलं नाही. त्यामुळे मला ढावलो मिळालेला नाही. ही तक्रार नाही.

*

दुकान.

बसस्टँडसमोर मोईनचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. तो लग्नं घेतो, जुने कॅमेरे विकतो.

"बोला ताई. कशाचं शूटिंग?"

"आईचं."

"आईचं लग्न?" म्हणाला आणि जीभ चावली. "माफ करा. दिवसभर लग्न लग्नच करून राह्यलो."

त्यानं काचेवर तीन कॅमेरे मांडले. पहिल्यानं मागचं सगळं धूसर येतं. "पोट्ट्यांले हेच पाहिजे. नाक क्लिअर, कान गायब."

"मला कान पाहिजेत. मागचं घरही पाहिजे."

"मग हा घ्या. याची स्क्रीन अशी फिरते, समोरच्याले सोताचं तोंड दिसते."

"तो नको."

"काहून? लोक त्याच्यासाठीच घेतात."

मी सांगितलं. याडीला आरशात बाई दिसली तर ती उठून तिला बसायला पाट देते. मोईननं तो काचेखाली परत ठेवला. मग तिसरा पुढं सरकवला. जाड, काळा, कोपरे घासलेला. स्क्रीन मागं चिकटलेली, फिरत नाही, कुठलाच नखरा नाही.

"हाच घ्या. पहिला कॅमेरा असा पाहिजे ताई, का पडला तरी रडू नाही आलं पाहिजे."

"मला तसंही येत नाही."

तो हसला. त्याला गंमत वाटली.

स्टँड दिला. आणि एक कॉलर माईक दिला, बिनवायरचा, चिमट्यानं कपड्याला लावायचा. "चित्र हाललं तर लोक माफ करतात. आवाज गेला तर कोणी नाही करत. हनुवटीखाली एक वीत सोडून लावायचा. आन् हा लावला का कॅमेऱ्याचा सोताचा माईक बंद होते, ध्यानात ठेवा."

हनुवटीखाली एक वीत. ध्यानात ठेवलं.

*

सराव.

पाण्याची टाकी. डेपोत उभी गाडी. उभी गाडी, दुसऱ्या बाजूनं. भुरीबाईची शेळी. बल्बखाली याडी: संत्र्याच्या रंगाची. खिडकीशी याडी: बरोबर रंगाची. टाकी.

मोईननं सगळं पाहिलं. "ताई, बकरी चारा शोधते तसा कॅमेरा काहून फिरवून राह्यल्या? एका जागी धरा. कंटाळा येईपर्यंत धरा. कंटाळा आला का अजून थोडं धरा."

ते मला जमलं. कंटाळा येतच नव्हता. टाकीकडे मी कितीही वेळ बघू शकत होते. मोईन म्हणाला, हात चांगला आहे, थरथरत नाही.

*

पहिला प्रयत्न.

याडी बाजेवर, उजेड डावीकडून, मागं घर दिसतंय, माईक जागेवर. याडी अजूनही कांचळी घालते, आरशांची, नाण्यांची चोळी. कानाशी चांदीच्या घुगऱ्या लोंबतात. ऊन पडलं की सगळं चमकतं. चित्र सुंदर होतं. मी हे कौतुकानं म्हणत नाही, स्क्रीनवर तसं दिसत होतं.

"याडी, ढावलो म्हण ना."

"कोण चाललं?"

"कोणी नाही. असाच म्हण."

"कोणी चाललं नाही तर कायले म्हणू?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला रिकामी चूल फुंकायला सांगितलं होतं. "अभद्र बोलू नको."

कट.

*

मी रोज जाते. सकाळी खाकी घालून, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून याडीला सांगते, चालले. ती म्हणते, जा. त्या जाण्याला ढावलो लागत नाही.

*

भुरीबाई शेजारी राहते. याडीहून लहान, माझ्याहून मोठी, तोंड दोघींहून मोठं. तिच्याकडे तिच्या लग्नाची लाल ओढणी आहे. ती मागायला गेले.

"आत्ता? चाळिशी उलटल्यावर? नवरा कोणता पाह्यला, डायवर का कंडक्टर?"

"कॅमेरा."

"बरा आहे. खात नाही, पीत नाही." तिनं पेटी उघडली. ओढणी काढली, पण हातातच धरून ठेवली. "संगीता, खोटं खोटं नसते म्हणत तो. म्हटला का पोरगी गेलीच असं समजतात. माघारी आली तरी पाहुणी म्हणून येते."

"मला आवाज पाहिजे फक्त."

"घे बापा," भुरीबाई म्हणाली.

तिनंच ती माझ्या डोक्यावर घातली. कडा ओढून सरळ केल्या. मग पेटी लावून घेतली.

*

दुसरा प्रयत्न. हीच क्लिप. जशी आहे तशी.

चित्र: अंगण. बाज. याडी बाजेवर. डावीकडून लाल ओढणी घेतलेली, हातात पिशवी धरलेली बाई येते.
आवाज: पिशवी जमिनीवर. "याडी, मी चालली."

चित्र: याडी बघते. उठते. गुडघ्यावर हात न ठेवता उठते.
आवाज: घुगऱ्या.

चित्र: याडी गळ्यात पडते. ढावलो म्हणताना बायका डोलतात, डोलता डोलता वळतात. मी याडीसाठी जमिनीवर खडूनं खूण केली होती. ती वळते. आता कॅमेऱ्याकडे तिची पाठ आहे.
आवाज: खरखर.

चित्र: याडीच्या खांद्यावरून माझा चेहरा दिसतो. मी कॅमेऱ्याकडे बघतेय. लाल ठिपका सुरू आहे का, ते बघतेय.
आवाज: नाणी घासतात. खरखर. श्वास. खरखर.

चित्र: माझा चेहरा. ठिपका सुरू आहे.
आवाज: खरखर.

चित्र: माझा चेहरा.
आवाज: याडी श्वासासाठी मान वर करते तेव्हा एक शब्द. मग पुन्हा दोन छात्यांच्या मध्ये माईक, त्यावर कांचळीची नाणी, त्यावर माझं वजन.

चित्र: माझा चेहरा. बराच वेळ.

*

मोईननं हेडफोन काढून ठेवले.

"ताई, माईक दाबल्या गेला. शब्दच नाही. कुठं लावलता?"

"हनुवटीखाली एक वीत."

"मंग बरोबर लावलता." त्याला कळेना. त्याच्या लग्नांत नवरी खुर्चीवर बसते, जाताना कोणी खांद्यावर दोन मिनिटं डोकं टेकवतं, झालं. त्याला कसं माहीत असणार? मला माहीत होतं. मी लहानपणापासून बघत आलेय की ढावल्यात डोकं कुठं येतं. बरोबर तिथंच मी चिमटा लावला.

"साफ नाही होत का?"

"काय साफ करू? दोनच आवाज आहेत, एक नाण्याचा, एक दिलाचा. हे पाहा, धक् धक्, हे तुमचं का आईचं कोण जाणे." त्यानं क्लिप बंद केली. "पुन्हा घ्या. सोपं आहे. माईक पाठीवर लावा, पदराखाली."

पुन्हा घेऊ, असं मीही म्हणाले.

*

पुन्हा घेता आलं नाही. कारण त्या दिवसापासून संगीता घरात नाही.

मी ड्युटीवरून आले की याडी पदर सावरते, "या, बसा," म्हणते. अहो-जाहो करते. पाट देते. संगीता कुठाय विचारलं तर सांगते, "सासरी गेली. मीच वाटे लावली." सांगताना तिचा चेहरा मोकळा असतो. एक मोठं काम अंगावरून उतरल्यासारखा.

एकदा लाल ओढणी घालून अंगणात पुन्हा उभी राहिले. माईक पाठीवर. "याडी, मी चालली."

"जा बाई, सांभाळून," याडी म्हणाली. "कोणाची सून तू?"

भुरीबाई कुडापलीकडून बघत होती. ओढणी घडी करून तिच्या हातात दिली. तिनं ती उलगडून पुन्हा घडी घातली.

*

रविवार. दुपार. बाजेवर मी आणि याडी. पाहुणी आणि घरधनीण.

कॅमेरा मांडीवर होता. ती क्लिप पुसायची आणि टाकीच्या क्लिपा ठेवायच्या, असं ठरवलं होतं. पुसायच्या आधी एकदा लावली.

याडी वाकून स्क्रीनकडे बघू लागली. खरखर सुरू झाली.

"ही कोण?" मी विचारलं.

"नवरी आहे." तिनं बोटानं काच पुसली. "रडून नाही राह्यली पाहा."

"हो."

"रडेल. एखादीले वेळ लागते."

मग त्या खरखरीच्या ठेक्यात तिला काहीतरी सापडलं. नाणी घासत होती, श्वास घेतला जात होता, आणि श्वास कुठं घेतला हे तिच्या अंगाला माहीत असावं. ती म्हणायला लागली. खालच्या आवाजात, स्वच्छ, शब्दन् शब्द. विहीर आली, विहिरीवरची घागर आली, एका गाईचं नाव आलं जी मी पाहिलेलीच नाही. स्क्रीनवरच्या पोरीकडे बघून म्हणत होती. उजेड डावीकडून होता. मागं घर दिसत होतं. चेहरा पूर्ण समोर.

कॅमेरा एका वेळी एकच काम करतो. दाखवत असला की घेत नाही.

मोबाईल आत चार्जिंगला होता. मी जरा हालले. याडी थांबली.

"चालल्या का?"

"नाही."

"बसा ना. चहा घेऊन जा. माझी पोरगी असती तर तिनं केला असता."

मी बसले. क्लिप संपली, ती थांबली. मी पुन्हा लावली, ती पुन्हा म्हणू लागली, पहिल्यापासून, आणि या वेळी गाईच्या नावानंतर माझं नाव आलं. मग परत लावली. परत. ऐकत होते. काही शब्द धरून ठेवायचा प्रयत्न केला, पुढचे आले की मागचे सुटत होते.

बॅटरीची खूण लाल झाली. चार्जरही आतच.

स्क्रीन काळी झाली. याडी ओळीच्या मध्येच थांबली, काचेवर वाकून बघितलं.

"गेली?"

"गेली," मी म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.