तीन सिलिंडरांची नाडी

इंजिन तपासणीच्या चार नंबर खोलीत काम करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे वैद्य म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी इंजिनं चाचणीच्या बेंचवर चढवली, आठवडेच्या आठवडे चालवली, उतरवली आणि खोलून टेबलावर मांडली. इंजिन काचेपलीकडे गर्जत असताना हे अलीकडे बसून आकडे बघायचे, पण डावा हात मात्र इंजिनाला थंड पाणी पोचवणाऱ्या, भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपवर. कोणीतरी थट्टेनं म्हणालं, नाडी बघताय का? तेव्हापासून ते वैद्य.

त्या वर्षी बेंचवर बसवायला जे इंजिन आलं ते बघून त्यांना हसूच आलं. तीन सिलिंडर, सव्वा लिटर. दोघांनी सहज उचलावं एवढं.

"शिवणयंत्राचं आहे का?" त्यांनी विचारलं.

इंजिन घेऊन आलेली इंजिनिअर पस्तिशीची होती. खात्यात सगळे तिला मॅडम म्हणत, ती वैद्यांना काका म्हणे. "दीडशे घोड्यांचं आहे, काका."

"आणि घोडे बांधलेत कुठे?"

"इथे." तिनं बाजूला लावलेल्या, मुठीपेक्षा थोड्या मोठ्या गोगलगाईसारख्या दिसणाऱ्या टर्बोवर बोट ठेवलं. जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर त्यातलं चक्र फिरायचं, मिनिटाला दोन लाख फेऱ्या, आणि तेच चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबायचं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हे वैद्यांना नवीन नव्हतं. नवीन होतं ते एवढ्याशा जिवावर टाकलेलं ओझं.

"किती दिवस टिकेल असं वाटतं?" मॅडमनं विचारलं.

"खरं सांगू? महिन्याभरात मान टाकेल."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅडमनं त्यांना मागच्या चाचणी-रस्त्यावर नेलं. तिथे हेच इंजिन बसवलेली एक पिवळी हॅचबॅक उभी होती. पाच दारं, मागे उघडणारी डिकी, भाजी आणायला न्यावी अशी साधीसुधी गाडी. फरक एवढाच की चाकं जरा रुंद होती आणि बूड जमिनीला टेकायचं बाकी होतं. वैद्य शेजारी बसले, पट्टा लावला. दुसऱ्या गियरमध्ये मॅडमनं पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, मग टर्बो जागा झाला आणि वैद्यांची पाठ सीटमध्ये रुतली. वळणावर गाडी अशी चिकटून गेली की त्यांनी न कळत दाराची मूठ पकडली. तीन फेऱ्या झाल्या. उतरताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"माझे शब्द मागे," ते म्हणाले. "पण चाचणी मी कसूनच घेणार."

"त्यासाठीच तर तुमच्याकडे दिलंय."

चाचणी हजार तासांची होती. ताशी ठरलेला क्रम: पूर्ण वेग, मग एकदम थांबा, तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी, मग कमी फेऱ्यांवर पूर्ण ओझं, म्हणजे चढावर पाचव्या गियरमध्येच राहून आळशी माणसानं पाय दाबावा तसं. पूर्ण वेगावर टर्बो लालबुंद व्हायचा. खोलीतले दिवे बंद केले तर त्याच्या उजेडात बाजूच्या नळ्या दिसायच्या. शंभर तास झाले, दोनशे झाले, चारशे झाले. तेल काळं व्हायचं, बदललं जायचं, आणि इंजिन पुन्हा तयार. वैद्य कौतुकानं काचेजवळ उभे राहायचे. "अगं, दम तरी घे," असं एकदा ते मोठ्यानं म्हणाले, तेव्हा मागे मॅडम उभी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिची चाहूल न लागण्याचं कारण दोन आठवड्यांनी कळलं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या दोन्ही कानांनी बारीक आवाज ऐकू येणं जवळपास संपलंय. घरी बायकोला त्याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"मी पाच वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "दारावरची बेल ऐकू येत नाही, मोबाइल ऐकू येत नाही. मी बोललेलं तर त्याआधीपासून ऐकू येत नाही."

"ते येतं."

"मग ऐकत नाही, असं म्हणा. पण कपडे धुण्याच्या मशीनचं बेअरिंग गेलंय हे तुम्हीच सांगितलंत. मला तर काही आवाज येत नव्हता."

"मलाही येत नव्हता. मी भिंतीला टेकून उभा होतो, पाठीला कळलं."

सहाशे एक्केचाळिसाव्या तासाला, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, कमी फेऱ्यांचा टप्पा चालू होता आणि वैद्यांचा हात पाइपवर होता. तळहाताला एक धक्का बसला. एकच. दाराआडून कोणी बोटाच्या हाडानं टकटक करताना मध्येच विचार बदलावा तसा. त्यांनी पडद्याकडे बघितलं. सगळे आकडे सुरळीत. पुढच्या तासाला, त्याच टप्प्यात, पुन्हा एक. नंतर दोन तास काही नाही. दुसऱ्या दिवशी तीनदा.

त्यांनी मॅडमला बोलावलं. ती अर्धा तास हात ठेवून बसली. तिला काही जाणवलं नाही. तिनं नोंदी उलगडल्या, त्यातही काही नव्हतं.

"काका, तुम्हाला खात्री आहे?"

"आतून कोणीतरी हातोडा मारतंय. जळायच्या वेळेआधीच काहीतरी पेटतंय. असं चालू राहिलं तर पिस्टन फुटेल. आज नाही, पण फुटेल."

इंजिन खोलून बघायचं म्हणजे चाचणी रद्द, मग नवीन इंजिन आणि पहिल्या तासापासून सुरुवात. गाडी बाजारात यायला तीन महिने उशीर. खात्याच्या मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ज्या माणसाला ऐकू येत नाही असा डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे आहे, तो म्हणतोय आवाज येतोय. आणि त्यासाठी मी चाचणी थांबवू?"

"आवाज म्हणालोच नाही मी, साहेब," वैद्य म्हणाले. "धक्का म्हणालो."

"साडेतीनशे तास राहिलेत. जाऊ दे ना पार."

"बेंचवरून पार जाईल. गाडीत बसलेल्या माणसाचं काय?"

साहेब वैतागले. पण मॅडमनं मध्ये पडून दोन दिवस मागून घेतले. आपली यंत्रणा दर सेकंदाची सरासरी लिहून ठेवते, ती म्हणाली, आणि एका ठिणगीचा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. सरासरीत तो बुडून जात असेल तर आपल्याला दिसणार कसा? शेजारच्या खात्याकडून तिनं आतला दाब क्षणाक्षणाला मोजणारे तीन सेन्सर आणले. प्लग तपासायला इंजिन थांबतंच, त्या वेळात दोघांनी ते बसवले.

मग तिनं एक पक्की परीक्षा ठरवली. वैद्यांनी पडद्याकडे पाठ करून बसायचं, हात पाइपवर. धक्का जाणवला की दुसऱ्या हातातलं बटण दाबायचं. पडदा फक्त ती बघणार. साहेबही येऊन मागे उभे राहिले, हाताची घडी घालून.

पहिला तास कोरडा गेला. आयुष्यात पहिल्यांदा वैद्यांच्या मनात आलं, आपला हातही म्हातारा झाला असेल तर? दुसऱ्या तासाच्या शेवटी कमी फेऱ्यांचा टप्पा आला आणि त्यांनी बटण दाबलं. त्यांनी मान वळवली नाही. तिसऱ्या तासाला दोनदा, चौथ्याला एकदा, पाचव्याला दोनदा.

"बस, काका," मॅडम म्हणाली. "इकडे या."

पडद्यावर दाबाची रेघ लहान लहान टेकड्यांसारखी एकसारखी चालली होती आणि मध्येच एक सुळका, बाकीच्यांच्या अडीचपट उंच. असे सात सुळके होते. सहांच्या खाली वैद्यांच्या बटणाची खूण होती.

"सातवा सुटला तुमच्या हातून," साहेब म्हणाले. पण आता त्यांच्या आवाजात धार नव्हती.

"तेव्हा शिंक आली होती," वैद्य म्हणाले.

साहेबांना हसू फुटलं. "थांबवा इंजिन," त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वैद्यांनी स्वतः ते खोललं. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे पिस्टन स्वच्छ होते. दुसऱ्या पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधल्या अरुंद कड्याला केसाएवढी चीर गेली होती. मॅडमनं भिंगातून बघितलं आणि खुर्चीवर बसून राहिली. त्या इंजिनावर तिची चार वर्षं गेली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मॅडम, हे बघा." वैद्यांनी शाफ्ट, बेअरिंग, टर्बो सगळं तिच्यापुढे ओळीनं मांडलं. "साडेसहाशे तास. वरून हातोडे खात. तरी बेअरिंग कसं आहे बघा, आरसा. टर्बोच्या दांड्याला खेळ नाही. दुसरं एखादं केव्हाच विखुरलं असतं. पोरगी गुणी आहे. तिला फक्त एका जागी दुखतंय आणि कुठे दुखतंय ते आता कळलंय."

त्यानंतरचे तीन महिने मॅडमनं त्या एका जागेवर काढले. गुन्हेगार निघाला तेलाचा थेंब. रिंगांजवळून उडणारा बारीक थेंब कमी वेगाच्या, जास्त दाबाच्या वेळी ठिणगीआधीच पेटायचा. तिनं तेलाचा प्रकार बदलायला लावला, पिस्टनचं ते कडं जाड करून घेतलं आणि संगणकाला शिकवलं की कमी फेऱ्यांवर कोणी पाय दाबला तर टर्बोनं एकदम अंगावर जायचं नाही, जरा दमानं घ्यायचं. वैद्यांनी याच काळात बायकोच्या आग्रहाखातर कानात यंत्र बसवून घेतलं. पहिले काही दिवस त्यांना भांड्यांचा आवाज सहन होईना.

दुसरं इंजिन शून्यापासून सुरू झालं. दाब मोजणारे सेन्सर या वेळी पहिल्या दिवसापासून बसवलेले होते. सहाशे तास. सातशे. सुळका नाही. वैद्य रोज पाइपवर हात ठेवायचे आणि रोज मॅडमला एकच निरोप पाठवायचे: ठणठणीत. हजार तास पूर्ण झाले त्या दिवशी ते खोललं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात घासून काढलेल्या तिरप्या रेघा तशाच्या तशा दिसत होत्या, काल कोरल्यासारख्या. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"सव्वा लिटर," ते स्वतःशीच म्हणाले. मग वळून विचारलं, "वैद्य, हे मोडतं तरी कुठे?"

"मला काय माहीत? मोडेपर्यंत चालवलं तर सांगेन."

"मग चालवा."

नियमात असं कुठे नव्हतं, पण साहेबांनी सही केली. वैद्यांनी ते पुन्हा जोडलं. भाग सगळे तेच, बदलले फक्त सांध्यांमधले गॅस्केट आणि तेल. त्यानंतर चार नंबर खोलीत जाता-येता लोक डोकावू लागले. आज किती? अकराशे. आज? बाराशे साठ. कँटीनमध्ये विषय तोच. रंगकाम खात्यातले लोकसुद्धा विचारायला यायचे.

तेराशे अठ्ठ्याऐंशीव्या तासाला खोलीत मोठा धडाका झाला. तो सगळ्यांनीच ऐकला. वैद्यांनी लाल बटण दाबलं. मॅडम जिना उतरून धावत आली, तिच्या मागोमाग साहेब. धूर नव्हता. वैद्य आत गेले, वाकून बघितलं, बॅटरी मारून पुन्हा बघितलं आणि बाहेर आले.

"काय तुटलं?" साहेबांनी विचारलं.

"आपलं."

"म्हणजे?"

"इंजिनाला बेंचशी जोडणारा शाफ्ट. तो आपला आहे, वीस वर्षं जुना, मोठ्या ट्रकच्या इंजिनांसाठी घेतलेला." वैद्यांनी हात पुसले. "इंजिनाला काही झालेलं नाही. नवा शाफ्ट येईपर्यंत ते रिकामं बसणार, एवढंच."

मॅडम भिंतीला टेकून हसत सुटली. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि नव्या शाफ्टच्या मागणीचा कागद तिथेच, वैद्यांच्या टेबलावर लिहायला बसले.

"किती जाडीचा मागवू?" त्यांनी विचारलं.

"जाडच मागवा," वैद्य म्हणाले. "छोट्या इंजिनासाठी आहे."