म्हसोबाचे ठोके

निंबवाडीच्या म्हसोबाला मिनिटाला चौऱ्याहत्तर ठोके पडतात, ही बातमी दसऱ्याच्या दिवशी पुणतांब्यापर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी तिकडून दोन टेम्पो भरून माणसं आली. गावच्या मैदानाच्या कडेला चिंचेखाली पत्र्याची शेड, शेडमध्ये शेंदूर फासलेला दगड, आणि दगडाच्या छातीवर एक काळं घड्याळ. पट्टा पुरेना म्हणून त्याला लाल नाडा जोडला होता. शेजारी हनुमंत भगत मांडी ठोकून बसला होता आणि आकडा बदलला की हात वर करत होता.

"बघा, डोळं भरून बघा. आजवर देव मुका हुता, आता मशीनच सांगतंय. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. पापी मानूस जवळ आला की ठोका वाढतोय, बरं का. कुनी मटन खाऊन आलं आसंल तर मागं सरा."

रांगेतली पाच-सहा माणसं मुकाट मागे सरली. दर पौषात ह्याच म्हसोबापुढे बोकड कापून मुंडी घरी नेणारा हनुमंतच होता, हे त्या घडीला कुणाला आठवलं नाही.

रांगेपासून लांब भिमाजी मेजर उभा होता. फौजेतून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. गेली चार वर्षं तो ह्या मैदानावर पोलीस भरतीच्या पोरापोरींना फुकट पळवत होता. घड्याळ त्याचंच. त्याच्या हाताखाली पळून निमलष्करी दलात लागलेल्या ओमनं गुरुदक्षिणा म्हणून पाठवलेलं. किती अंतर पळालात ते उपग्रहावरून सांगायचं आणि पळताना काळीज किती धावतंय तेही सांगायचं. "ठोका एकशे सत्तरच्या वर गेला की पाय आवरा," मेजर पोरांना सांगायचा. कुणी म्हणालं, मला तर दम लागला नाही, की त्याचं ठरलेलं उत्तर होतं: "मन खोटं बोलतं, घड्याळ बोलत न्हाई."

हे वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं, आणि पुढचा घोटाळा तिथूनच झाला.

खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, गवंडी थापी पुजतो. मेजरच्या पोरांनी पळायचे बूट, फेकायचा गोळा आणि घड्याळ म्हसोबापुढे मांडलं. हौसेनं मेजरनंच घड्याळ देवाला बांधलं. पाठीमागचा हिरवा दिवा लुकलुकला, काचेवर अडुसष्ट आकडा आला, आणि हळदीकुंकू घेऊन आलेल्या हनुमंतानं आरोळी ठोकली. बांधायच्या आधी मेजरकडे पळणाऱ्या रेश्माच्या हातून पळण्याचं बटण दाबलं गेलं होतं. संध्याकाळी बघितलं तर घड्याळ म्हणत होतं, अडीच किलोमीटर. जागचा न हललेला देव दुपारभरात शिवार फिरून आला होता.

मेजरला पहिल्याच क्षणी हसू आलं होतं. कारण मागे एकदा घामट घड्याळ त्यानं टॉवेलच्या गुंडाळीला अडकवून ठेवलं होतं आणि टॉवेलला ब्याण्णव ठोके पडले होते. त्यानं घाबरून ओमला फोन केला, तेव्हा ओमनं सगळी यंत्रणा उलगडून सांगितली होती. म्हणजे त्याला ठाऊक होतं. तोंड उघडायचा अवकाश होता.

पण त्याच संध्याकाळी सरपंच आले. ह्या मैदानावर कांद्याची वखार बांधायचा ठराव दोन महिन्यांपासून पंचायतीत घोळत होता. सरपंचांनी मेजरच्या खांद्यावर हात ठेवला. "मेजर, तुमी देव जागवला. आता हितं वखार कशी व्हईल? मैदान देवाचंच." दोन दिवसांत कुणी मुरूम आणून टाकला, कुणी ट्रॅक्टरनं रोलर फिरवला. चार वर्षं खड्ड्यांत पाय मुरगळून घेणाऱ्या पोरांना सपाट वाट मिळाली. मेजरनं मनाला समजावलं, की कुणाचं काय वाईट होतंय? दोन-चार दिवस बोलतील आणि विसरतील.

लोक विसरले नाहीत. आणि देवाचा ठोका विजेवर चालत असल्यामुळे रोज संध्याकाळी हनुमंत घड्याळ फडक्यात गुंडाळून मेजरच्या घरी चार्जिंगला आणून द्यायचा. मेजर ते निमूटपणे लावायचा. दिवा पेटला की त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि सकाळी तो घड्याळ परत द्यायचा.

चौथ्या दिवशी हनुमंतानं धंदा वाढवला. आधी देवाचा ठोका बघायचा, मग तेच घड्याळ आजाऱ्याच्या मनगटाला बांधायचं. आकडे जुळले की रोग गेला. दहाचा फरक देव सांभाळून घेत होता. बसल्या जागी माणसाचे ठोके साठ ते नव्वदच्या आत असतात, त्यामुळे देव बहुतेकांना पावायचा.

रेश्माची आजी झुंबरबाई त्या रांगेत उभी होती. रक्तदाबाच्या गोळ्यांवर सहा वर्षं काढलेली, भरतीला पळणाऱ्या नातीसाठी पहाटे उठून नाचणीची पेज करणारी. मेजर तिला काकू म्हणायचा. तिचा ठोका शहात्तर आला, देवाचा त्र्याहत्तर.

"जुळलं," हनुमंत म्हणाला. "आता त्या इंग्रजी गोळ्या देवापुढं ठेव म्हातारे. दोन वैद्य एका घरात नांदत न्हाईत."

झुंबरबाईनं गोळ्यांचं पाकीट कनवटीतून काढून देवापुढे ठेवलं. मग तिनं वळून मेजरकडे बघितलं. "मेजर, घड्याळ खोटं बोलत न्हाई ना रं?"

मेजर तिथंच होता. तीन पावलांवर. घरी दुसरं पाकीट असेल, खाईल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, "बघू काकू." एवढंच.

नवव्या दिवशी चुलीपुढे बसलेली झुंबरबाई एका अंगावर कलंडली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर सुरय्यांनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "गोळ्या किती दिवस बंद होत्या?"

"पाच," रेश्मा म्हणाली. "देवाचा ठोका जुळला म्हनून."

"अगं, ठोके आणि रक्तदाब वेगळे," डॉक्टर म्हणाल्या. " ठोके सत्तर असले तरी दाब दोनशेवर असू शकतो. पक्षाघाताचा झटका आलाय. जीव वाचेल, पण उजव्या हाताचं आज सांगता येत नाही."

रेश्मा मेजरकडे वळली. ती रडत नव्हती, ते मेजरला जास्त लागलं. "घड्याळ खोटं बोललं का मेजर?"

"मी बोललो," मेजर म्हणाला. "उद्या सकाळी मैदानावर ये. सगळ्यांम्होरं सांगतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, गर्दी मोठी होती. मेजरनं परसातला एक दुधी भोपळा तोडून आणला आणि शेडमध्ये जाऊन देवाच्या अंगावरचं घड्याळ सोडायला लागला.

हनुमंत उठला. "मेजर, देवाची परीक्षा बघायची नसती."

"देवाची न्हाई, घड्याळाची बघतोय. बस खाली."

पट्टा भोपळ्याच्या बारीक गळ्याला बरोबर बसला. दिवा लुकलुकला. सगळे माना वाकवून बघत होते. एक्क्याऐंशी.

कुणीतरी फिस्सकन हसलं. हनुमंत हार मानणारा नव्हता. "भोपळ्यात बी देवच हाय की."

"आसंल. मग ह्याला झुंबरकाकूच्या खाटेला बांधू का? तिचा हात उचलंल का ह्यो?"

हसणं थांबलं. मेजरनं घड्याळ टॉवेलच्या गुंडाळीला बांधलं: शंभर. एका पोराच्या बुटाला बांधलं: चौसष्ट. मग त्यानं घड्याळ उलटं करून हिरवा दिवा सगळ्यांना दाखवला.

"ह्यो दिवा कातडीवर उजेड टाकतो. काळीज ठोका देतं तवा रगत कमीजास्त व्हतं, तसा परत येनारा उजेड कमीजास्त व्हतो. घड्याळ ते मोजतं. खाली कातडी हाय का दगड, ते त्याला नीट कळत न्हाई. पानाची सावली हालली, चुकार उजेड आत शिरला, तरी त्यातनं आकडा काढतं. देव शिवार फिरला म्हनता? उपग्रहाचा अंदाज दर टायमाला चार-दोन मीटर चुकतो. पत्र्याखाली, झाडाखाली लई चुकतो. त्या चुकांची बेरीज अडीच किलोमीटर."

"हे तुमाला कवा कळलं?" मागून सरपंचांनी विचारलं.

इथं खोटं बोलायला वाव होता. काल, डॉक्टरांनी सांगितलं, असं म्हणता आलं असतं. समोर रेश्मा उभी होती.

"खंडेनवमीलाच," तो म्हणाला. "बांधलं तवाच. मैदान ऱ्हाईल म्हनून गप बसलो. रोज चार्जिंग मीच केलं. काकूनं मला विचारलं हुतं, तवाबी गप बसलो. भगताला बोल लावायच्या आधी मला लावा."

लोकांनी लावले. हनुमंताला जेवढे बसले त्याहून मेजरला जास्त बसले, आणि ते वाजवीच होतं. हनुमंत गर्दीतून पाय काढून गेला तो आठ दिवस दिसला नाही. देवापुढच्या गोळ्या रेश्मानं गोळा केल्या आणि नावं विचारून ज्याच्या त्याला परत दिल्या. अकरा जणांची पाकिटं होती.

मैदानाचं घोंगडं अजून भिजतच पडलंय. वखारीचा ठराव पुन्हा आलाय. मेजर पोरांना पळवतो, पण नव्या पोराला आधी घड्याळ दुधीला बांधायला लावतो, मग मनगटाला. "आकडा दिसला की हात जोडू नका," तो सांगतो. "कशाचा हाय, कसा काढला, ते इचारा. मला बी इचारा. आनि दुखत आसंल तर डॉक्टरकडं जा, गोळी चुकवू नका." मग तो झुंबरबाईची हकीकत सांगतो, स्वतःच्या गप्प बसण्यासकट, काही न गाळता.

संध्याकाळी तो तिच्या घरी जातो. आरोग्य केंद्रातल्या ताई रक्तदाब मोजून जातात, तो कागदावर लिहून ठेवतो, गोळी पाण्याबरोबर पुढे करतो. झुंबरबाई डाव्या हातानं घेते. पहिल्या दिवशी तिनं बोबड्या जिभेनं विचारलं होतं, "तुला ठाव हुतं?"

"व्हय काकू."

त्यावर ती काही बोलली नव्हती. अजूनही बोललेली नाही. उजवा हात मांडीवर ठेवून ती गोळी गिळते, आणि मेजर भांडं विसळून ठेवतो.