लाथेचा मानकरी

मी वेताचा चेंडू बोलतोय. राहणार मंडाले. इथे मला चिनलोन म्हणतात. उभा जन्म लाथा खाण्यात गेला, पण म्हणून तोंड पाडून बसणाऱ्यांतला मी नाही. मला मिळालेल्या लाथा ज्याच्या त्याच्या नशिबात नसतात!

ऊ थाट ('ऊ' म्हणजे इथलं 'राव') नावाच्या म्हाताऱ्या विणकराने मला भिजवलेल्या वेताच्या पट्ट्यांनी विणलं. विणून झाल्यावर कानाशी धरून टिचकी मारली. मी 'टक' वाजलो. म्हातारा खूश होऊन म्हणाला, "हा बोलका निघाला. हा न्वे यीलाच द्यायचा."

न्वे यी तेव्हा ऐन विशीत होती. दिवसभर शिवणयंत्रावर लुंग्या शिवायची आणि उन्हं उतरली की चिंचेखालच्या रिंगणात यायची. आमच्या खेळात समोर शत्रू नसतो, हार-जीत नसते. सहा जण रिंगण धरतात. त्यातला एक मध्ये उभा राहून करामती करतो आणि बाकीचे पाच जण त्याला सांभाळून घेतात. हात लावायचा नाही आणि मला जमिनीवर पडू द्यायचं नाही, एवढाच नियम. न्वे यी मध्ये उभी राहिली की मला डोक्यावरून मागे जाऊ द्यायची आणि वळून न बघता तळपायाने परत पुढे आणायची. लाथ मारीन तिथे पाणी काढीन, असली बाई होती ती!

मग तिला मुलगी झाली, यामोन. घर वाढलं, शिवण वाढलं आणि माझी रवानगी पाण्याच्या मडक्यांमागे झाली. पायाने खेळायची वस्तू बुद्धाच्या देव्हाऱ्याजवळ ठेवत नाहीत, ते मलाही मान्य आहे. पण मडक्यांमागे? माझ्या विणीतल्या बारा खिडक्यांत कोळ्यांनी संसार थाटले. यामोन मोठी होऊन बँकेत कामाला लागली, तरी मी तिथेच.

एक दिवस न्वे यी दवाखान्यातून आली. रक्तात साखर निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं होतं. बिचारी चालायला निघायची, पण आमची गल्ली म्हणजे दर दाराला एक हाक. "न्वे यी ताई, गोड चहा घेऊन जा!" "ताई, नारळ घातलेला चिकट भात केलाय, एवढासा तरी!" आणि ताडगुळाचे खडे तर बशीत मांडलेलेच. नको म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटेल, हा आमच्या माणसांचा रोग साखरेपेक्षा जुना आहे. ती चालून यायची ती आणखी साखर घेऊन.

पुढच्या तपासणीत साखर वाढलेलीच निघाली. घरी येऊन तिने चप्पल भिरकावली. "चालणं गेलं खड्ड्यात!" म्हणत मडक्यांमागे हात घातला आणि मला बाहेर ओढलं. कोळ्यांना घर सोडावं लागलं. मला काय वाटलं म्हणून सांगू! नाचावंसं वाटलं.

"वासो महिन्यातल्या पॅगोडाच्या उत्सवात मी पुन्हा मध्ये उभी राहणार," ती म्हणाली.

यामोन ओरडलीच. "आई, वय काय तुझं? पायाला जखम झाली तर ती भरत नाही, बाईंनी बजावलंय ना? लोक हसतील!"

"हसू देत. हसणाऱ्यांचे दात दिसतील, माझं काय जातंय?"

अखेर तडजोड झाली. पायात कापडी बूट घालायचे आणि उत्सवाआधी बाईंनी तपासून 'हो' म्हटलं तरच रिंगणात उतरायचं. 'नाही' म्हटलं तर मी कायमचा मडक्यांमागे.

जुने सोबती जमले. चहाच्या दुकानाचा मालक ऊ साइंग सगळ्यांत पुढे, त्याच्याही पुढे त्याचं पोट. खेळ सुरू झाला आणि माझी शोभा झाली. न्वे यी आजारी, तिला त्रास नको, म्हणून जो तो मला हळूच, लाडाने टोलवायचा. मी तिच्यापर्यंत पोहोचायचोच नाही. दोघांच्या मध्ये आलो की 'त्याने घ्यावा' म्हणून दोघेही मागे सरकायचे. मी धुळीत.

"माझंच चुकलं."

"छे हो, माझंच."

पाच जण एकमेकांची माफी मागत होते आणि मला उचलायला कोणी वाकत नव्हतं.

साइंग धावत दुकानातून गोड चहा घेऊन आला. "दमलीस गं. घे, तुझ्यासाठी जास्त साय घातलीय."

न्वे यीने कप हातात घेतला. त्याच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. "नको."

असा उघडा 'नको' आमच्या गल्लीत कोणी ऐकलाच नव्हता.

"साइंगदादा, तुझा चहा मला मारतोय आणि तुझा पासही. दोन्ही गोडच. आजपासून साखर बंद आणि लाथ जोरात."

साइंगचे कान लाल झाले. "अगं, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू दे!"

त्या दिवसापासून माझे दिवस खरे पालटले. ती सकाळी माशाच्या रश्श्यातल्या शेवया खायची, पण वरचे तळलेले वडे बाजूला काढून. दुपारी मूठभर भात, भाजलेला मासा आणि ढीगभर पाला. गल्लीतून जाताना हात जोडून हसून 'नको' म्हणायची आणि गंमत म्हणजे कोणी मेलं नाही. साइंगचं पोटही दोन बोटं आत गेलं. पहिले काही दिवस ती धापा टाकायची, मी सारखा पडायचो. मग पडणं कमी झालं.

तपासणीला तिने मला पिशवीत घालून नेलं. बाईंनी कागद वाचला, तिचे तळपाय उलटेपालटे करून पाहिले. "साखर छान उतरलीय. काय केलंत?"

"लाथा घातल्या," न्वे यी म्हणाली आणि मला टेबलावर ठेवलं.

उत्सवात पॅगोडाच्या अंगणात ही गर्दी! ढोल, झांजा, सनई आणि वर निवेदकाची टवाळी. "या मावशी खेळायला आल्यात की लुंग्यांची मापं घ्यायला?" लोक खिदळले. कडेला यामोन नखं खात उभी.

रिंगण फिरू लागलं. मी गुडघ्यावरून टाचेवर, टाचेवरून खांद्यावर. एकदाही पडलो नाही. मग मी साइंगच्या पायाशी आलो. त्याच्या पायात तो जुना लाड मला जाणवला. क्षणभर वाटलं, आता हा मला पुन्हा हळूच सोडणार.

"दादा!" ती ओरडली.

साइंगने दात-ओठ खाऊन लाथ हाणली. मी उंच गेलो, तिच्या डोक्यावरून मागे. तिने वळून पाहिलं नाही. गुडघा मुडपला, तळपाय वर आला.

टक!

माझी एक पट्टी तुटली. तुटू दे! मी तिच्या खांद्यावरून पुढे आलो, साइंगने मला पायावर झेललं आणि अंगण उसळलं. ढोलकऱ्यांनी ताल सोडून नुसतं बडवलं. निवेदक ओरडला, "मावशी, माझं माप घ्या, मी हरलो!" आणि लोक हसतील म्हणणारी यामोन रडत टाळ्या पिटत होती.

आता रिंगणात नवा चेंडू असतो. मी दाराजवळच्या खालच्या खुंटीवर असतो, देव्हाऱ्यापासून लांब आणि मडक्यांपासूनही.

काल यामोन बँकेतून आली. इकडेतिकडे पाहून तिने मला काढलं, अंगणात ठेवलं आणि पायाच्या बोटांनी अलगद ढकललं. तुटलेल्या पट्टीला लागेल म्हणून!

आतलं शिवणयंत्र थांबलं. "जोरात मार गं! त्याला वाईट वाटत नाही."

खरंच नाही वाटत. मार, पोरी.