न्यूझीलंडला जोडी लागते का

“साहेब, डिग्री नसली तर तुमच्या त्या न्यूझीलंडात काम मिळतं का, का विमानतळावरूनच माघारी लावतात?”

हा प्रश्न मी विचारला. म्हणजे माझ्या मैत्रिणीनं, चतुरानं विचारायला लावला, पण तोंड माझं होतं. आमच्या दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव अकरा दिवसांचा अभ्यास दौरा करून न्यूझीलंडहून आले होते आणि शाळेत त्यांचा सत्कार होता. तासभर ते तिथल्या गवतावर बोलत होते. आमच्या शिरूर तालुक्यात त्या वर्षी गवत फक्त चित्रकलेच्या वहीत उरलं होतं. चतुरा माझ्या कानात म्हणाली, “कालिंदे, ह्यांना काहीतरी विचारून दाखव. आठवडाभर तुझ्या वाटणीचं पाणी मी भरते.” आठवडाभर टँकरपुढं घागरी घेऊन उभं राहायचं नाही म्हटल्यावर मी उभीच राहिले.

आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीपुरतंच तोंड उघडत होते. पण ह्या वर्षी, नववीत, वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आणि तेव्हापासून समोर चार माणसं दिसली की मला राहवत नाही.

सुंदररावांनी पाण्याचा घोट घेतला. “मिळतं की. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. एक पोरगी हाय तिथं. बारावी नापास. एकटी चारशे गाई पिळती.”

“बारावी नापास हे कसं कळलं, साहेब?”

“मी इचारलं तिला.”

“इंग्रजीत?”

हॉलमध्ये खसखस पिकली. पण सुंदरराव मुरलेले पुढारी. अडचणीत सापडले की ते समोरच्याचा सत्कार करतात. नुकतीच मिळालेली शाल त्यांनी उतरवली आणि माझ्या खांद्यावर टाकली. “ही आपली लेक न्यूझीलंडला जानार. संस्था हिच्या पाठीशी हाय.” हेडमास्तरांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली.

आमच्याकडं बाहेरगावी कामाला जाणं काही नवीन नाही. दरसाल दिवाळीच्या आसपास अर्धं गाव ऊस तोडायला जातं. त्यामुळं मी जाणार ह्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. दुष्काळामुळं आमची जनावरं संस्थेच्या चारा छावणीत होती आणि जनावरांपाठोपाठ अण्णा आणि माय पण तिथंच पालात राहत होते. मी शाल पांघरून पोचले, तर माझ्या आधी बातमी पोचलेली, आणि बातमीबरोबर बंकटमामा. ते ऊसतोडीचे मुकादम, म्हणजे मजूर गोळा करून कारखान्यावर नेणारे. यंदा ऊसच वाळून गेल्यामुळं लवकर परत आले होते आणि त्यांना काही काम नव्हतं.

“बद्रीनाथ,” ते अण्णांना म्हणाले, “पोरगी निघाली म्हनं. मग दुसरं कोन?”

“दुसरं कोन म्हंजी?”

“जोडी कुठंय?”

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला शक्यतो कुणी घेत नाही.

“अर्ध्या कोयत्याला हितं सांगलीपोतर कोन नेत न्हाई,” बंकटमामा म्हणाले, “समुद्राच्या पल्याड कोन नेईल?”

अण्णांना हे तंतोतंत पटलं.

“अण्णा, तिथं ऊस न्हाई, गाई हायेत,” मी म्हणाले.

“मग? एकानं धार काढायची, एकानं वासरू धरायचं. दोन मानसं लागतेतच.”

“आन सैपाक कवा करायचा?” मायनं विचारलं. जायचं की नाही हे कुणीच विचारत नव्हतं.

तीन दिवसांत जोडी सापडली. बंकटमामांचा भाचा, सटवा. त्याची आई छबुबाई त्याला घेऊन छावणीत आली. “आमचा पोरगा तयारीत हाय. पासपोर्ट काढलाय त्यानं,” ती म्हणाली. सटवानं खिशातून पाकीट काढून अण्णांच्या हातात दिलं. आत पासपोर्ट साइजचे आठ फोटो होते.

“लगीन आत्ता न्हाई,” बंकटमामांनी समजावलं. “आठरा भरल्यावर करू. सोमवारी नुसती सुपारी फोडू.”

“आन शाळा?” मी विचारलं.

“शाळा कावून पाहिजे आता? तिकडं डिग्री लागत न्हाई, चेअरमनच म्हनले की. तू इचारलं म्हून तर कळलं.”

आमच्या गावात सुपारी फुटलेल्या मुली मी पाहिल्यात. पुढच्या जूनला त्यांची नावं हजेरीत नसतात. मी नववीतच संपणार होते, आणि तेही स्वतःच्याच प्रश्नामुळं.

इतरांच्या घरी मुलीला पोहे करायला लावतात. छबुबाई म्हणाली, “पिळून दाखव.” मी म्हशीखाली बसले आणि होतं तेवढं, दोन लिटर, काढून दाखवलं. मग बादली पुढं केली. “आता ह्यांनी. जोडी हाय ना?”

सटवानं म्हशीकडं पाहिलं. म्हशीनं सटवाकडं पाहिलं. आमची म्हैस गरीब आहे, पण चुकीच्या बाजूनं बसलेलं तिला खपत नाही. बादली एकीकडं गेली आणि सटवा शेणात. उठता उठता तो हळूच मला म्हणाला, “मला म्हशीचं लई भ्याव वाटतं. आईला सांगू नको.”

“त्या हितंच उभ्या हायेत,” मी म्हणाले.

“शिकंल की,” छबुबाई म्हणाली. “आन तिकडं गाई असत्यात.” सोमवार कायम राहिला.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या ऑफिसात जाऊन सुंदररावांसमोर उभी राहिले. “साहेब, ती पोरगी खरंच बारावी नापास हाय का?”

त्यांनी दाराकडं पाहिलं. “बसमधून दिसली गं. फटफटीवर बसून गाई हाकीत होती. आमची बस थांबली बी न्हाई.”

“मग बारावी?”

“तू उभी राहिली तवा सुचलं.” मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी चहाच्या कपाखालचा एक रंगीत कागद ओढून काढला. “हे तिथल्या एका गोठेवाल्यानं दिलं होतं. आपल्याला काय वाचता येतंय.”

तो कागद मी हेडमास्तरांकडून वाचून घेतला. कामाला माणसं पाहिजेत, असं त्यात होतं. शाळा पूर्ण केलेली असावी. इंग्रजी बोलता यावं. धारा काढायचा अनुभव असावा. मोटारसायकल चालवता यावी. डिग्रीचा उल्लेखच नव्हता. सुंदरराव थापा मारता मारता खरं बोलून गेले होते.

“सर, नवऱ्याचं काही लिहिलंय का?”

सरांनी कागद उलटून पाहिला. “नाही. पण व्हिसाचं वेगळं असतं, आणि तू जाशील तोवर नियमही बदलतील.”

“बदलू द्या. शाळा तर लागेलच ना?”

“ती लागेलच.”

रविवारी मी आधी छबुबाईच्या घरी गेले. ती लई बोलली. निघताना सटवानं मला काठोकाठ भरलेला तांब्या आणून दिला. त्या वर्षी कुणी कुणाला अर्ध्या तांब्याच्या वर पाणी देत नव्हतं.

तिथून थेट छावणीत आले. अण्णा म्हशीपुढं चारा टाकत होते आणि माय चूल पेटवत होती. मी दोघांच्या मधोमध उभी राहिले.

“अण्णा, माय, हातातलं ठेवा आन ऐका. उद्या सुपारी घेऊन येऊ नका, असं मी छबुबाईला सांगून आलेय.”

मायच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. “कुनाला इचारून?”

“कुनालाच न्हाई. मी दहावी करनार, मग बारावी. सकाळ-संध्याकाळ छावणीतल्या दहा घरच्या धारा काढनार, आन सरांकडं इंग्रजी शिकनार. आठरा भरले की लायसन काढनार. आन मग न्यूझीलंड न्हाई तर दुसरा कुठला देश, पन जानार. एकटी जानार.”